लोकरीचे कोकरू : खेळणे आणि मूर्ती यांविषयी एक पाठ

वाचन : निर्गम २०:१–६, २ राजे १८:१–४, लूक १५:१–७, १ करिंथ ८.



ह्या पाठात आम्ही दोन कामे एकत्र घेतली आहेत. पहिले काम हाताचे आहे. दोन सुया व थोडी लोकर घेऊन लहान मुलासाठी कोकरू कसे विणावे, हे त्यात शिकावयाचे आहे. दुसरे काम विवेकबुद्धीचे आहे. प्राण्याच्या आकाराचे असे खेळणे ख्रिस्ती घरात असावे की नसावे, याचा निर्णय शास्त्राधारे करावयाचा आहे. ही दोन कामे वेगळी दिसली तरी एक दुसऱ्यास साहाय्य करते, असे पाठाच्या शेवटी वाचकांस दिसून येईल.

हा विषय घेण्याचे कारण असे. पोळा किंवा बेंदूर जवळ आला म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. ज्यांच्या दावणीस बैल नाहीत अशी शेजारची घरे मातीचे बैल आणून त्यांची पूजा करितात. विदर्भात तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. आमच्या लोकांची मुले हे दारातून पाहतात आणि आपणांसही एखादे जनावर खेळावयास असावे, असे त्यांस वाटते. नवीन बाप्तिस्मा झालेल्या एका घरी आईने मुलासाठी बाजारातून कापडाचा घोडा आणिला. बापाने तो पाहताच चुलीत घातला. "देवाने कोरीव मूर्ती करू नको असे सांगितले आहे," असे तो म्हणाला. मूल रडत निजले. दुसऱ्या दिवशी नवराबायको उपदेशकाकडे गेली, व दोघांपैकी कोण चुकले असे त्यांनी विचारिले. उपदेशकास तत्काळ उत्तर देता आले नाही.

त्या बापास हसणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्याने आपल्या वाडवडिलांचा देव्हारा स्वतःच्या हाताने रिकामा केला, त्याच्या मनास अशा बाबतीत धास्ती वाटणे साहजिक आहे. देवाची आज्ञा मोडू नये एवढीच त्याची इच्छा होती. तथापि आज्ञा पाळण्यापूर्वी ती नीट समजून घेणे हेही आज्ञाधारकपणाचेच अंग आहे. म्हणून आधी कोकरू विणू आणि मग आज्ञा वाचू.

खेळण्यातील प्राण्यांची हकिकत

आत मऊ भरण घातलेले प्राणी आज जगभर मुलांच्या हाती दिसतात. ते इतके प्रचारात येण्यास एका पांगळ्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे काम पुष्कळ कारण झाले. जर्मनीतील गींगेन नावाच्या लहानशा गावी मार्गारेटे श्टाइफ ही १८४७ साली जन्मली. ती दोन वर्षांची होण्यापूर्वीच तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय लुळे पडले व उजवा हातही अधू झाला. चाकांच्या खुर्चीवर बसून ती शिवण शिकली, आणि लोकर दाबून केलेल्या फेल्ट नावाच्या जाड कापडाचे कपडे करून विकू लागली. १८८० च्या सुमारास तिने त्याच कापडाचा एक लहान हत्ती केला. तो टाचण्या खोचून ठेवण्याची गादी म्हणून केला होता. परंतु घरोघरच्या मुलांनी तो आपल्या ताब्यात घेतला व खेळावयास आरंभ केला. तेव्हा बाईंनी प्राण्यांची खेळणीच करण्याचा उद्योग वाढविला. १९०९ साली त्या मरण पावल्या, त्या वेळी त्यांच्या कारखान्याची खेळणी दूरदूरच्या देशांत जात होती.

ह्या हकिकतीतील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हत्ती तोच होता. वडील माणसांच्या हाती तो टाचण्यांची गादी होता आणि मुलांच्या हाती तो खेळणे झाला. वस्तू कोणत्या आकाराची आहे यावरून तिचा उपयोग ठरत नाही. माणूस तिचे काय करितो, यावरून तो ठरतो. पुढे शास्त्रवचने वाचताना हीच गोष्ट पुन्हा दिसेल.

साहित्य

मध्यम जाडीची चार पदरी लोकर घ्यावी, पांढरी ५० ग्रॅम व काळी ५० ग्रॅम. एवढ्यात दोन कोकरे सहज होऊन लोकर उरेल. १० क्रमांकाच्या दोन सुया, एक क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची एक बोथट सुई, कात्री, आणि आत भरण्यास स्वच्छ पिंजलेला कापूस अथवा लोकरीचे बारीक तुकडे, एवढे पुरे.

लोकरीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आमच्या देशावरील मेंढरांची लोकर राठ असते. घोंगडीस ती उत्तम, कारण पाऊसवारा ती चांगला सोसते. परंतु तान्ह्या मुलाच्या गालास ती टोचते. विणकामाची मऊ लोकर बहुतेक मेरिनो जातीच्या मेंढरांची असते. बाजारात लोकर म्हणून जे मिळते, त्यातील पुष्कळ कारखान्यात केलेल्या कृत्रिम धाग्याचे असते. खेळण्यास दोन्ही चालतात. मात्र खरी लोकर गरम पाण्यात घालून चोळली की आटते व घट्ट होते. यास्तव असे खेळणे कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावे, पिळू नये, आणि सावलीत पसरून वाळवावे.

विणण्याची रीत

विणकामात सारा कपडा एकाच धाग्याच्या फाशांचा बनतो. एका फाशातून दुसरा फासा ओढावयाचा, एवढीच त्याची किल्ली. फासा समोरून मागे सुई घालून ओढला तर सुलट टाका होतो. मागून समोर सुई घालून ओढला तर उलट टाका होतो. दोन्ही बाजूंनी सर्व ओळी सुलट विणल्या म्हणजे कपड्यावर शेतातल्या सरी-वरंब्यांसारखे उंचवटे उठतात व कडा गुंडाळत नाहीत. एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी विणली म्हणजे एक बाजू गुळगुळीत होते. कोकराच्या अंगास पहिली रीत घ्यावी, कारण ती लोकरीच्या दाट केसांसारखी दिसते. तोंडास दुसरी घ्यावी.

आरंभी १२ टाके घालून थोडे विणून पाहावे. ते २ इंच भरले तर हात बरोबर आहे. अधिक भरले तर हात सैल आहे असे समजून घट्ट विणावे, नाहीतर आतील कापूस टाक्यांतून बाहेर डोकावेल.

अंग. पांढऱ्या लोकरीचे २८ टाके घाला. प्रत्येक ओळ सुलट विणा. दोन ओळींचा मिळून एक वरंबा होतो, म्हणून ओळी मोजण्याऐवजी वरंबे मोजावे. ३८ वरंबे, म्हणजे ७६ ओळी झाल्या की टाके बंद करा. आरंभाची कड व शेवटची कड एकमेकींस शिवा म्हणजे नळी होईल. नळीच्या एका तोंडाभोवती दोरा ओवून बटव्याच्या तोंडासारखा ओढा व गाठ मारा. आत कापूस भरा, कोपऱ्यांत आधी व मध्ये मागून. मग दुसरे तोंड तसेच ओढून बंद करा.

डोके. काळ्या लोकरीचे १४ टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशा ३२ ओळी विणून टाके बंद करा. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून अंगाप्रमाणेच नळी शिवा, भरा व दोन्ही तोंडे ओढून घ्या. एक तोंड नाकाकडचे व दुसरे मानेकडचे. मानेकडची बाजू अंगाच्या एका टोकास थोडी वर धरून सभोवार दोनदा शिवा. ज्या खेळण्याची मान एकदाच शिवली, ते मूल एका दिवसात मोडते.

पाय. काळ्या लोकरीचे ९ टाके घाला, १० वरंबे सुलट विणा, टाके बंद करा. असे चार तुकडे करा. प्रत्येकाची नळी शिवून एक तोंड ओढा, थोडे भरा, व उघडे तोंड पोटास शिवा. चारी पाय लावण्यापूर्वी कोकरू टाचण्यांनी उभे करून पाहावे. टाचण्या किती खोचल्या हे मोजून ठेवावे, आणि काम झाल्यावर तितक्याच परत मोजून घ्याव्या. कापसात राहिलेली एक टाचणी सारी ममता व्यर्थ करील.

कान. काळ्या लोकरीचे ६ टाके घालून ६ ओळी सुलट विणा. पुढील ओळीत आरंभीचे दोन व शेवटचे दोन टाके एकत्र विणा म्हणजे ४ राहतील. एक ओळ साधी विणा. मग दोन-दोन टाके एकत्र विणून २ करा, त्यांचा १ करा, धागा तोडून त्यातून ओढून घ्या. असे दोन करा. शेपटीसाठी पांढऱ्या लोकरीच्या तीन पदरांची आखूड वेणी घाला.

डोळे पांढऱ्या लोकरीच्या टाक्यांनीच काढावे. मणी अथवा गुंडी लावू नये. तीन वर्षांच्या आतील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते, आणि सुटलेला मणी त्याच्या घशात अडकू शकतो.

गळलेला टाका

नवशिक्याच्या हातून टाका गळणारच. त्याने घाबरू नये, परंतु दुर्लक्षही करू नये. सुईवरून एक टाका गळाला म्हणजे तो एकटाच जात नाही. त्याच्या खालचा फासा सुटतो, मग त्याच्या खालचा, आणि आडव्या धाग्यांची एक शिडी मागे राहते. कपडा ओढला की शिडी लांबते. तेथे पुढे भोक पडते व भरण बाहेर येते.

उपाय असा. प्रथम सुईवरील बाकीचे टाके घसरू नयेत म्हणून सुईच्या टोकास बूच लावावे. मग क्रोशाची सुई घेऊन थेट तळाशी, जेथे सुटलेला फासा थांबला आहे तेथे जावे. फाशात आकडी घालून शिडीची सर्वांत खालची दोरी पकडावी व फाशातून ओढावी. मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. डोक्याच्या गुळगुळीत कपड्यात हे सर्व समोरूनच होते. अंगाच्या वरंब्यांच्या कपड्यात एक पायरी समोरून व दुसरी मागून घ्यावी लागते. शेवटी फासा सुईवर आला की तो इतरांसारखाच होतो. तो कोठून वर आणला हे कोणास ओळखू येत नाही.

लूक १५ मधील दाखला शिकविण्यास याहून चांगले साधन आम्हांस ठाऊक नाही. नव्याण्णव मेंढरांस ठेवून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ काही श्रोत्यांस अव्यवहारी वाटतो. "एकासाठी एवढा खटाटोप कशास?" असे ते मनात म्हणतात. ज्याने स्वतः विणले आहे तो असे म्हणत नाही, कारण एक टाका सुटला तर त्याच्या जवळचे सर्व सैल होतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. उपदेशक बंधूंनो, ज्या घरातील एक माणूस तीन रविवार उपासनेस आला नाही, त्या घराचा विचार करा. त्याचा भाऊ पुढल्या महिन्यात येणार नाही, आणि मग मुले. वरून हाक मारून तो टाका वर येत नाही. तो जेथे थांबला आहे त्या पायरीपर्यंत खाली जावे लागते, मग ती पायरी कर्जाची असो, दारूची असो, किंवा मंडळीतच झालेल्या अपमानाची असो. तेथून एक-एक पायरीने वर यावे लागते. घाईने दोन पायऱ्या एकदम घेतल्या तर मध्ये भोक राहते.

आज्ञा काय सांगते

आता दुसऱ्या आज्ञेकडे वळू. निर्गम २० मध्ये मूर्ती करण्याची मनाई आहे, आणि लागलीच पुढे तिच्या पाया पडण्याची व तिची सेवा करण्याची मनाई आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी. पहिलेच तेवढे धरून दुसरे सोडले, तर शास्त्राच्या इतर भागांशी विरोध येतो. कारण ज्या देवाने ही आज्ञा दिली, त्यानेच कोशावर सोन्याचे करूब करण्यास सांगितले (निर्गम २५:१८). शलमोनाच्या मंदिरात पितळेचा मोठा गंगाळसागर बारा बैलांच्या पाठीवर ठेविला होता (१ राजे ७:२५). ते बैल पाण्याचे ओझे वाहत होते, व त्यांस कोणी नमन करीत नव्हते. उलटपक्षी सीनाय पर्वताच्या पायथ्याशी एकच वासरू होते (निर्गम ३२). त्याच्यापुढे वेदी बांधली गेली, आणि ते इस्राएलाचे मोठे पाप झाले. आकार दोन्हीकडे गाईबैलांचाच होता.

ह्याहून स्पष्ट उदाहरण पितळी सापाचे आहे. गणना २१ मध्ये मोशेने देवाच्या सांगण्यावरून तो केला, व त्याकडे पाहणारे वाचले. पुढे शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, आणि शास्त्राने त्या राजाची स्तुती केली आहे. वस्तू एकच होती. ती साधन होती तोवर राहिली, व देव झाली तेव्हा फुटली.

यशया ४४ मध्ये संदेष्टा मूर्तिकाराचे वर्णन करितो. एका झाडाच्या अर्ध्या लाकडावर तो भाकर भाजतो व ऊब घेतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्याजवळ तारण मागतो. संदेष्ट्याचा मुद्दा हा की, करणाराने स्वतःच्या हाताचे काम विसरून त्यापुढे डोके टेकले. आता कोकरू विणणाऱ्या बाईस विचारा. तिने त्याचे टाके मोजले आहेत, एक टाका गळाला तो उचलला आहे, पोटात कोणता कापूस आहे हे तिला ठाऊक आहे. ज्याचे पोट तिने आपल्या हाताने भरले, त्याजवळ ती पोटाची भाकर मागणार नाही. हाताने केलेल्या खेळण्याचा हा विशेष लाभ आहे. मूल आईच्या मांडीवर बसून ते वाढताना पाहते, आणि हाताने केलेली वस्तू म्हणजे काय, हे त्यास उपदेशावाचून समजते.

शास्त्रास मुलांचा खेळ अप्रिय नाही, हेही सांगितले पाहिजे. जखऱ्या ८:५ मध्ये यरुशलेमेच्या पुनःस्थापनेची खूण म्हणून देव असे वचन देतो की, तिचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील. दाविदास त्याचे पाप दाखविण्यास नाथान संदेष्ट्याने जी गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२), तीत एका गरिबाचे कोकरू त्याच्या मुलांबरोबर वाढते, त्याच्या घासातील घास खाते, त्याच्या उराशी निजते. लहान मुलाने कोकरास उराशी धरणे यात देवाच्या संदेष्ट्यास काही अमंगळ दिसले नाही.

तीन कसोट्या

तर मग खेळणे कोठे संपते आणि मूर्ती कोठे सुरू होते? आम्ही तीन प्रश्न सुचवितो. प्रत्येक कुटुंबाने ते स्वतःस विचारावे.

पहिला : ते कोठे ठेविले आहे? पुष्कळ घरांत ज्या कोनाड्यात पूर्वी देव होते तो आता रिकामा आहे. खेळणे तेथे ठेवू नये. जागेस जुन्या सवयी असतात, आणि म्हातारी आजी नकळत तेथे हात जोडील. पाळण्यात, खुंटीवर, गोधडीच्या घडीत, कोठेही ठेवा, कोनाड्यात मात्र नको.

दुसरा : त्यापासून काही मिळेल अशी आशा आहे काय? कित्येक जण दृष्ट लागू नये म्हणून पाळण्यास काळा दोरा किंवा बिब्बा बांधतात. त्याच्या जागी आता लोकरीचे कोकरू बांधले, तर दोरा बदलला, भरवसा बदलला नाही. कोकरू मुलाचे रक्षण करीत नाही. मुलाचे रक्षण करणारा निराळा आहे, आणि त्यास कशानेही बांधावे लागत नाही.

तिसरा : ते मोडले तर काय वाटते? कोकराचा पाय तुटला असता घरात कोणाच्या मनात भय उत्पन्न झाले, आता काही अनिष्ट होईल असे वाटले, तर ते खेळणे राहिले नाही. पाय तुटला असता सुईदोरा आठवला, तर निश्चिंत असावे.

ह्यास जोडून मंडळीच्या कारभाऱ्यांस एक सूचना करितो. प्रभूस देवाचा कोकरा म्हटले आहे (योहान १:२९). म्हणून नाताळच्या दिवशी असे कोकरू सजवून प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवण्याची इच्छा कोणास होईल. तसे करू नये. वर्गात मुलांच्या हाती ते दाखल्याचे साधन आहे. मेजावर चढले की पितळी सापाच्या मार्गास लागले.

दुर्बळ भाऊ व शेजारी

एवढे सिद्ध झाले तरी विषय संपत नाही. करिंथच्या मंडळीतही ज्ञानी लोक होते. मूर्ती म्हणजे काहीच नाही, हे त्यांचे म्हणणे पौलाने खरे मानिले. परंतु हे ज्ञान सर्वांच्या ठायी नाही, आणि आपल्या मोकळिकीने दुर्बळ भावास ठेच लागू नये, असेही त्याने त्याच अध्यायात बजाविले. यास्तव ज्या भावाचे मन अद्याप भिते, त्याच्या घरी खेळणे बळेच देऊ नये. त्याची थट्टा तर मुळीच करू नये. बायकोनेही नवऱ्यास चारचौघांत "तुम्हांस काही कळत नाही" असे म्हणू नये. दोघांनी मिळून हे अध्याय वाचावे.

ज्याने घोडा चुलीत घातला त्या बापास आमचा सल्ला असा आहे की, त्याने दोन सुया घ्याव्या व मुलास जवळ बसवून स्वतः कोकरू विणावे. विणकाम बायकांचेच, ही समजूत सोडावी. युरोपात एके काळी मोजे व टोप्या विणणाऱ्या कारागिरांच्या संघांत पुरुषच असत. आमच्या देशीही लोकर कातरणे व घोंगडी विणणे यांस पुरुषांचे हात लागतातच. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरीत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). बापाच्या हाताने मुलाच्या हातून एक वस्तू गेली आहे. बापाच्याच हाताने तिच्या जागी दुसरी आली, तर मुलास आज्ञा व प्रीती ही दोन्ही एकाच घरातील आहेत असे समजेल. त्या बापाच्या मनातील भीतीही प्रत्येक वरंब्याबरोबर थोडीथोडी उतरेल, असा आम्हांस भरवसा आहे.

शेजाऱ्यांविषयी एवढेच की, त्यांच्या मातीच्या बैलांस आमच्या मुलांनी हसू नये. शेतकऱ्याने वर्षभर राबणाऱ्या जनावराचे उपकार स्मरावे, ही भावना वाईट नाही. उपकार ज्याने बैल दिला त्याचे मानावे, एवढाच आमचा आणि त्यांचा भेद आहे. तो भेद सौम्यतेने सांगता येतो. पूजेत भाग घेऊ नये. परंतु शेजारच्या घरी मूल जन्मले तर एक कोकरू विणून अवश्य न्यावे. दुर्कस बाईने विधवांसाठी केलेली वस्त्रे तिच्या मृत्यूनंतर तिच्याविषयी बोलली (प्रेषितांची कृत्ये ९:३९). हाताचे काम पुष्कळ वेळा तोंडाच्या आधी घरात प्रवेश करिते.

वर्गात उपयोग

रविवारच्या शाळेत एकाच मुलाने सारे कोकरू करू नये. चार मुलांनी एकेक पाय करावा, दोघांनी कान, एकाने शेपूट, आणि अंग शिक्षकाने करावे. नुसता पाय पाहून तो कशाचा आहे हे कोणी सांगू शकणार नाही. सर्व जोडल्यावर मुलांस १ करिंथ १२ मधील शरीराचा व अवयवांचा धडा आपोआप समजेल. मग जमिनीवर नव्याण्णव हरभरे मोजून मांडावे, कोकरू आधीच कोठे तरी लपवावे, आणि मुलांस शोधावयास सांगावे. सापडले म्हणजे जो आनंदाचा गलबला होईल, तो होऊ द्यावा. शिक्षकाने त्यांस गप्प करू नये. लूक १५:७ मध्ये स्वर्गात जो आनंद होतो असे सांगितले आहे, त्याची ओळख मुलांस त्याच क्षणी करून द्यावी.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. दुसऱ्या आज्ञेत कोणत्या दोन गोष्टींची मनाई एकत्र सांगितली आहे?

२. मंदिरातील बारा बैल व सीनाय येथील वासरू यांत भेद कोणता?

३. हिज्कीयाने पितळी साप का फोडला? आपल्या घरात एके काळी साधन असलेली, परंतु आता भरवशाची झालेली, अशी काही वस्तू आहे काय? पुस्तक, चित्र, क्रूस, यांचाही विचार करावा.

४. तुमच्या मंडळीतील गळलेला टाका कोण? तो कोणत्या पायरीवर थांबला आहे? ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाणार?

शेवटचा प्रश्न विचारल्यावर सभा लगेच बरखास्त करू नये. जाणाऱ्याचे नाव ठरवावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि पुढच्या रविवारी त्यास सर्वांदेखत विचारावे की, तू गेलास काय.